व्हीपी४४ वाल्या रॅमला कोणता लिफ्ट पंप? विकत घेण्याआधीचा हिशेब

माझ्या एका मित्राने डेन्व्हरमध्ये नुकतीच २००१ सालची डॉज रॅम २५०० घेतली. ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्हचं कमिन्स, सहा गिअर, आणि आधीच्या मालकाने डिझेल फवारणारी मोठी नोझल नि ताकद वाढवणारा इलेक्ट्रॉनिक पॉवर बॉक्स टाकलेला. कागदावर २४५ हॉर्सपॉवरची गाडी, आता ४०० च्या आसपास असावी. त्याने मला एकच विचारलं: "लिफ्ट पंप (टाकीतून इंजिनकडे डिझेल आणणारा) तासाला १०० गॅलनचा घेऊ की १५० चा?" मी विचारलं, प्रेशर गेज आहे का? नव्हतं. कंपनीने या गाडीला फ्युएल प्रेशरचा काटाच दिलेला नाही, आणि दाब पडला तर साधा दिवाही लागत नाही. त्यामुळे १०० की १५० हा प्रश्न नंतरचा.

आधी गाडीचं दुखणं सांगतो. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या या इंजिनांवर बॉशचा व्हीपी४४ हा रोटरी पंप आहे, म्हणजे नोझलना मोठ्या दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप. त्याला डिझेल पुरवायला एक छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. इकडे अमेरिकेत त्यालाच लिफ्ट पंप म्हणतात, आपल्याकडचा मेस्त्री फीड पंप म्हणेल. व्हीपी४४ ला वंगणही डिझेलचं आणि थंडावाही डिझेलचाच. म्हणून इंजिन जाळतं त्याहून कितीतरी जास्त डिझेल त्यातून फिरून टाकीत परत जावं लागतं. परतीचा व्हॉल्व्ह साधारण १४ पीएसआयला (दाबाचं एकक) उघडतो. दाब त्याच्या खाली गेला की परतीची धार आटते, पंप तापतो, आणि वर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघतं. मग एक दिवस पी०२१६ हा बिघाडाचा कोड येतो आणि हजार डॉलरच्या वरचं बिल हातात पडतं.

माझं बिल दोनदा आलं. पहिल्या वेळी गॅरेजने नवा व्हीपी४४ बसवून दिला, लिफ्ट पंपाकडे कोणी पाहिलंही नाही. अकरा महिन्यांत दुसराही गेला. चूक निम्मी माझीच, कारण मीही विचारलं नव्हतं.

आकडे लक्षात ठेवायचे ते इतकेच: उभ्या गाडीत आणि सरळ रस्त्यावर १५ च्या आसपास, पेडल पूर्ण दाबल्यावर १० च्या खाली नको, आणि २० च्या वर मुद्दाम नेऊ नका. जास्त दाबाने पंपाच्या सीलवर ताण येतो. सील सुटलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते.

आता गेज. मोजायचं व्हीपी४४ च्या तोंडाशी, फिल्टरच्या आधी नाही. नाहीतर चोंदलेला फिल्टर गेजवर निरोगी दिसतो. तिथल्या बॅन्जो बोल्टला (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) भोक पाडून आटे पाडलेला बोल्ट तयार मिळतो. मेकॅनिकल गेज घेतलंत तर डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका, मध्ये आयसोलेटर बसवा, म्हणजे दाब आत येईल, डिझेल नाही. इलेक्ट्रिक गेज घेतलंत तर सेन्सरच्या आधी एक नीडल व्हॉल्व्ह (वाट बारीक करणारी छोटी तोटी) हवाच. लाईनमध्ये दाबाचे ठोके इतके बसतात की उघडा सेन्सर काही महिन्यांत वेडेवाकडे आकडे दाखवू लागतो. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करायचा, काटा थरथरायचा थांबेल इतकाच उघडा ठेवायचा.

पंपांचे चार रस्ते आहेत.

पहिला, मूळ जागी मूळ जातीचा पंप. स्वस्त, तासाभरात बसतो. पण जागाच चुकलेली आहे. हा पंप इंजिनच्या ब्लॉकवर, डिझेलच्या टाकीपासून लांब, उष्णतेत आणि हादऱ्यांत. असले पंप ढकलायला तयार असतात, ओढायला नाखूष. मागून डिझेल ओढताना नळीत निर्वात तयार होतो आणि डिझेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. आपल्याकडे एसटीचे ड्रायव्हर "गाडीनं हवा धरली" म्हणतात, तेच इथे रोज थोडं थोडं होत असतं. त्यात कोलोरॅडोची उंची. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ओढायला मदत करणारा दाबही तेवढाच. नोझल बदललेल्या गाडीला हा पर्याय मी सुचवणार नाही.

दुसरा, टाकीतला पंप. डीलर मंडळींनी वॉरंटीत पुष्कळ गाड्यांना हा बसवून दिला. मागून ढकलतो, म्हणजे कल्पना बरोबर. दाब मात्र मूळ पंपापेक्षाही कमी, अनेकदा १० च्या खाली. जुनी गाडी घेताना ब्लॉकवर पंपाची जागा रिकामी दिसली तर हाच बसवलाय असं समजा आणि किमतीत तेवढं घासाघीस करा.

तिसरा रस्ता चॅसिसवरच्या पंपाचा. तोच सगळ्यात जास्त लोक घेतात आणि गोंधळही तिथेच. यात दोन उपजाती आहेत. एक, नुसता पंप, जसा रॅप्टर: टाकीजवळ फ्रेमवर बसतो, पुढचा कंपनीचा फिल्टर तसाच राहतो. दुसरी, एअरडॉग किंवा फास यांच्यासारखी पूर्ण सिस्टीम: पंप, फिल्टर, पाणी वेगळं करणारा भाग, आणि हवा व जादा डिझेल टाकीत परत नेणारी वेगळी नळी. हवा वेगळी काढणं हे जाहिरातीतलं वाक्य नाही, व्हीपी४४ ला त्याचा फायदा होतो. फिल्टरही मोठे, बाजारात सहज मिळणारे. तोटा थंडीचा. कंपनीच्या फिल्टरच्या डब्यात डिझेल गरम करणारा हीटर आहे; पूर्ण सिस्टीम बसवून तो डबा काढून टाकला की हीटरही गेला. उणे २० सेल्सिअसच्या सकाळी डिझेल मेणासारखं गोठतं तेव्हा त्याची आठवण येते. टेक्सासमध्ये राहत असाल तर ही ओळ सोडून द्या.

१०० की १५० याचं उत्तर इथे. हा आकडा तासाला किती गॅलन याचा आहे. ४०० हॉर्सपॉवर काढताना इंजिन तासाला साधारण २० ते २२ गॅलन जाळतं. बाकीचं थंडाव्यासाठी फिरतं. म्हणजे १०० चा पंप पुष्कळ झाला, पण नळ्या मोठ्या असतील तरच. जुन्या बारीक नळ्या आणि बॅन्जो बोल्टमधली अरुंद भोकं तशीच ठेवून १५० चा पंप लावणं म्हणजे बोगदा एकपदरी ठेवून टोलनाका आठपदरी करणं. पंपाच्या डब्यावरचा आकडा बघू नका, अर्ध्या इंचाची नळी संचात येते का ते विचारा. ओढायला साप्ताहिक ट्रेलर आणि बाकी रोजचं जाणं-येणं असेल तर १५० चे जादा पैसे मी देणार नाही.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट. मूळ पंपाला वीज थेट ईसीएममधून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधून जाते. मोठ्या पंपाचा करंट त्या वायरवर टाकू नका. ईसीएमने फक्त रिले चालवावा, करंट बॅटरीतून यावा. चावी फिरवून स्टार्टरला जरा टिचकी मारून सोडलं, इंजिन सुरू न करता, की पंप सुमारे २५ सेकंद चालतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढायला हीच युक्ती वापरतात. फ्रेमवरचा पंप त्या वेळी चांगला गुणगुणतो. शेजाऱ्यांना कळेल इतका नाही, पण तुम्हाला कळेल.

टाकीतून डिझेल घ्यायचं कसं, यावरून वाद घालणारे वाद घालतात. एक बाजू ड्रॉ स्ट्रॉची: टाकीच्या वरच्या मॉड्यूलला भोक पाडून सरळ नळी तळापर्यंत सोडायची. सोपं आहे, पण टाकी पाव भरलेली असताना वळणावर नळी उघडी पडते आणि काटा धाडकन खाली येतो. दुसरी बाजू संपची, म्हणजे टाकीच्या तळाला भोक पाडून वाटी बसवायची. शेवटच्या गॅलनपर्यंत डिझेल मिळतं. पण ती वाटी गाडीच्या पोटाखाली लोंबते, दगड लागू शकतो, आणि पाणीही आधी तिथेच साठतं. मी ड्रॉ स्ट्रॉवर आहे आणि टाकी पाववर आली की डिझेल भरायला जातो. कच्च्या रस्त्यावर लाकडं वाहणाऱ्याने संप लावलेला पाहिला की मला त्याच्याऐवजी भीती वाटते.

चौथा रस्ता, क्रँक पुलीवरून बेल्टने फिरणारा यांत्रिक पंप. इंजिनचे आरपीएम वाढले की पुरवठा आपोआप वाढतो, रिले नाही, वायर नाही, ब्रश झिजणं नाही. वाचायला मोहात पाडणारं. पण तो पुन्हा पुढे इंजिनवर बसतो, म्हणजे ओढण्याचं काम आलंच. सक्शनच्या बाजूला एखादा सांधा किंचित सैल असेल तर डिझेल बाहेर गळणार नाही, हवा आत येईल आणि शोधता शोधता नाकी नऊ येतील. टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला तर चावीच्या टिचकीने हवा निघणार नाही, हाताने डिझेल भरून हवा काढावी लागेल. ज्याची गाडी रोज दहा तास शेतावर चालते आणि हात काळे करायची तयारी आहे, त्याने हा घ्यावा. आठवड्यातून दोनदा होम डेपोला (घरदुरुस्तीच्या सामानाचं दुकान) जाणाऱ्याने नाही.

मित्राला मी गेज आधी बसवायला लावलं. उभ्या गाडीत १३. आय-७० महामार्गावर, मागे रिकामा ट्रेलर, चढाला पेडल दाबलं तेव्हा काटा ४ वर. आम्ही दोघेही गप्प झालो आणि त्याने बॉक्सचं बटण शून्यावर आणलं. काटा ८ वर आला. त्याने १०० गॅलनची पूर्ण सिस्टीम मागवली आहे, अर्ध्या इंचाच्या नळ्या आणि वेगळा हीटर धरून. संच शनिवारी येतोय. तोवर ट्रेलर दारात उभा आणि बॉक्स बंद.