ओकॅमल ५.०: अल्फापासून पक्क्या आवृत्तीपर्यंत वापरून

ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.० ची पहिली अल्फा (चाचणीची आवृत्ती) जून २०२२ मध्ये आली आणि पक्की आवृत्ती १६ डिसेंबरला. मधले महिने मी तीच वापरत होतो, आणि नुसती उदाहरणं चालवून बघण्यापुरती नाही. लॉग फाइली चाळून अहवाल बनवणारा आमचा जुना प्रोग्राम तिच्यावर हलवला. मोह कशाचा होता ते उघड आहे. ४.१४ पर्यंत कितीही थ्रेड (प्रोग्रामच्या आत एकत्र चालणारी कामं) काढले तरी ओकॅमलचा कोड एका वेळी एकाच थ्रेडमध्ये चालायचा, कारण रनटाइम लॉक, म्हणजे कोड चालवायची परवानगी देणारं कुलूप, सगळ्यांत मिळून एक. ५.० मध्ये डोमेन, म्हणजे वेगवेगळ्या कोअरवर चालू शकणारे भाग, आले आणि कोड खरोखर समांतर चालू लागला.

कम्पायलरबद्दल तक्रार जवळपास नाहीच. टाइपचेकर तोच, वेगही तोच वाटला. त्रास झाला तो आजूबाजूच्या गोष्टींचा.

ओपॅममध्ये (ओकॅमलचा पॅकेज मॅनेजर) वेगळा स्विच (कम्पायलर आणि पॅकेजांचा स्वतंत्र संच) काढला की जुन्या सेटअपला धक्का लागत नाही, तेवढं निर्धास्त. पण पॅकेजेस बसेनात. अनेकांच्या ओपॅम फाइलमध्ये '५.० पेक्षा कमी' अशी अट घातलेली. दुरुस्त केलेल्या पॅकेजांची एक अल्फा रिपॉझिटरी होती, ती जोडल्यावर गाडी सुरू झाली. पीपीएक्स, म्हणजे कम्पाइल होताना कोड बदलणारी साधनं, वापरणाऱ्यांचे हाल जास्त, कारण त्यांचा पाया असलेलं पीपीएक्सलिब थेट कम्पायलरच्या सिंटॅक्स ट्रीला (कोडच्या अंतर्गत रचनेला) बांधलेलं. ते नव्या आवृत्तीला तयार होईपर्यंत त्यावर उभं असलेलं सगळं अडून राहतं.

मग आली 'अनबाउंड मॉड्यूल स्ट्रीम', म्हणजे स्ट्रीम नावाचं मॉड्यूल सापडत नाही, ही एरर. वर्षानुवर्षं 'डेप्रिकेटेड' (यापुढे वापरू नका) म्हणून बजावलेल्या गोष्टी ५.० मध्ये खरंच काढून टाकल्या: स्ट्रीम, जेनलेक्स, परवेसिव्ह्ज, जुनं स्ट्रिंग.लोअरकेस. स्ट्रीमसाठी कॅम्लपी-स्ट्रीम्स हे पॅकेज आहे, बाकीचं शोधा-आणि-बदला करून भागतं. कंटाळवाणं काम, पण अवघड नाही.

अवघड होतं ते सी बाइंडिंग, म्हणजे ओकॅमलमधून सी भाषेतला कोड बोलावणारा जोड. आमच्या प्रोग्राममध्ये एका छोट्या सी लायब्ररीचा पूल होता. तो सी मधून मिळालेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तसाच उचलून ओकॅमलची व्हॅल्यू म्हणून परत करायचा. जुन्या रनटाइमला हे चालायचं: पत्ता हीपच्या (ओकॅमलने सांभाळलेल्या मेमरीच्या) बाहेरचा दिसला की गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) तो सोडून द्यायचा. ५.० मध्ये ती तपासणीच नाही, त्यामुळे असा 'उघडा' पॉइंटर दिसला की कलेक्टर त्याला ओकॅमलचा ब्लॉक समजून त्याच्या आकाराची नोंद (हेडर) वाचायला जातो. क्रॅश व्हायचा तो भलतीकडेच, कलेक्शन चालू असताना. बाइंडिंगचा तिथे मागमूस नाही. ज्यांचा सी कोड आहे त्यांनी आधी ४.१४ च नेकेड-पॉइंटर चेकर लावून बिल्ड करावा. तो नेमका हाच दोष, अजून सगळं चालू असतानाच, दाखवून देतो.

आता ज्यासाठी हा खटाटोप ते. फाइली डोमेनमध्ये वाटून दिल्या आणि पहिल्या रनला वेग जेमतेम वाढला. कारण शोधायला perf सारखी वेळ कुठे जातो ते मोजणारी साधनं लागली असती असं वाटलं होतं, पण उत्तर रनटाइमच्या रचनेतच होतं. प्रत्येक डोमेनचा मायनर हीप (नव्या डेटाची छोटी जागा) वेगळा असला, तरी मायनर कलेक्शनच्या वेळी, म्हणजे ती जागा साफ करताना, सगळ्या डोमेनना एकत्र थांबावं लागतं. आमचं एक डोमेन त्या सी लायब्ररीत शिरून आपला रनटाइम लॉक (५.० मध्ये तो प्रत्येक डोमेनला वेगळा) न सोडता बसायचं आणि बाकीची त्याची वाट बघत तिष्ठायची. सी कॉलच्या आधी लॉक सोडला, परत आल्यावर घेतला, आणि कोअर कामाला लागले. डोमेनही कोअरपेक्षा जास्त काढू नयेत. ते स्वस्त नाहीत. डोमेन्सलिब या लायब्ररीने ठरावीक डोमेनांचा गट काढून कामं त्यात टाकावीत.

हॅशटेबल दोन डोमेनमधून एकदम बदललं तर नोंदी गहाळ होतात, म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) तुम्हीच लावायचा. मात्र शुद्ध ओकॅमल कोडमध्ये डेटा रेस (एकाच डेटावर दोघांचा एकदम हात) झाली तरी मेमरी बिघडत नाही, ही हमी मेमरी मॉडेलमध्येच आहे. चुकीचा आकडा मिळेल, सेगफॉल्ट (मेमरीतल्या चुकीने क्रॅश) नाही. सी मध्ये समांतर कोड लिहिलेल्याला याची किंमत सांगायला नको.

इफेक्ट हँडलर, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून नंतर पुढे नेऊ देणारी ५.० ची नवी सोय, मला आवडले, पण जपून. टाइपमध्ये इफेक्टची नोंद नसते, हँडलर राहून गेला तर ते प्रोग्राम चालताना 'अनहँडल्ड' म्हणून कळतं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी खुशाल वापरावेत, रोजच्या कोडमध्ये मी लांब ठेवले.

३२ बिटवर नेटिव्ह (थेट प्रोसेसरवर चालणारा) कोड नाही, सुरुवातीला फक्त एक्स८६-६४ आणि एआरएम६४ हे प्रोसेसर. माझं अडलं नाही. अडलं ते मेमरीवर: ५.० मध्ये हीपचं कॉम्पॅक्शन (डेटा एकत्र सरकवून रिकामी मेमरी परत देणं) नव्हतं, आणि दिवसभर चालणाऱ्या आमच्या सर्व्हरची एकदा वाढलेली मेमरी खाली यायला तयार नसे. म्हणून अहवालांचा प्रोग्राम ५.० वर गेला आणि सर्व्हर ४.१४ वरच ठेवला. कॉम्पॅक्शन २०२४ च्या ५.२ मध्ये परत आलं, तेव्हा तोही हलवला.