.315 रायफलचा ट्रिगर अमरावतीहून करून आणला

आपली रायफल .315 ची, आबाच्या वेळची, लायसन्स पीकसंरक्षणाचं. तूर आन हरभऱ्यात रोही (नीलगाय), डुकरं लय त्रास देतात, पण वनखात्याची परवानगी असल्याशिवाय गोळी घालता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, त्यामुळं वर्षातून मोजक्याच गोळ्या सुटतात आन त्यातली एक जरी चुकून जखमी जनावर पऱ्हाटीत घुसलं तर रात्रभर झोप नाही येत. ट्रिगर एवढा जड झाला होता की ओढता ओढता नळी हालायची.

गावातल्या एकानं सांगितलं कानस मार, हलका होते. मी नाही मारली, आन बरं झालं.

अमरावतीच्या बंदूक मिस्त्रीनं बोल्ट काढून दाखवलं. कॉकिंग पीस, म्हणजे घोडा, जिथं सिअरवर, म्हणजे ट्रिगरनं सरकणाऱ्या खिट्टीवर, अडकते तिथलं पोलादाचं फक्त वरचं पातळ कातडं कडक असते, ते घासून गेलं की खालचं नरम झिजत जाते आन एक दिवस बोल्ट लावतानाच गोळी सुटते. आमच्या रायफलीत अर्धं दुखणं तर जुन्या तेलाचंच निघालं, निवडणुकीत ठाण्यात जमा होती, परत आणल्यावर मीच तशीच खोळीत ठेवून दिली होती. तेल सुकून गोंदासारखं झालेलं, स्प्रिंगवर गंज. त्यानं साफ केलं, स्प्रिंग बदलली, सिअरचं तोंड दगडावर नुसतं पॉलिश केलं, कोन बदलला नाही.

ट्रिगर ओढायला लागणारा जोर काट्यावर आधी साडेतीन किलो भरत होता, आता सव्वादोन. या रायफलीची ओढ दोन टप्प्यांची असते, पहिला ढिला आन मग दुसरा पक्का, तो दुसरा टप्पा आता बोटाला साफ समजते. मी म्हटलं एक किलो करा ना भाऊ, तर सरळ नाही म्हटला, पौषात मचाणावर बोटं बधिर होतात, तेव्हा एक किलोचा ट्रिगर कधी सुटला ते तुम्हाला कळणार नाही म्हणे. पैसे मिळत असून नाही म्हणणारा माणूस, त्याच्यावर माझा विश्वास तिथंच बसला.

परत देताना माझ्यासमोर रिकाम्या रायफलीचा बोल्ट पाच-सहा वेळा जोरात आपटला, दस्ता रबरी चटईवर ठोकला, सेफ्टी लावून ट्रिगर दाबला आन मग सेफ्टी काढली, एकदाही घोडा पडला नाही. कुठंही काम करा, एवढं डोळ्यासमोर करून घ्याच.

बाराशे घेतले. नऊ दिवस लागले आन फोन उचलत नाहीत, तिवस्याहून एक चक्कर फुकट गेली. लायसन्सचं ओरिजिनल पुस्तक न्या, झेरॉक्सवर ते बंदूक हातातबी घेत नाहीत, आन रजिस्टरात नंबर चढवल्याची पावती घेतल्याशिवाय निघू नका.