दहावीच्या सवलती: जादा वेळेला पूर्ण मार्क, लेखनिकाला अर्धे

पोरगा यंदा गोवा बोर्डाची दहावी देऊन सुटला. डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अडखळतो, वर हस्ताक्षर असं की सकाळी लिहिलेलं संध्याकाळी त्याचं त्यालाच लागत नाही, म्हणून सवलती घेतल्या: जादा वेळ, आणि तो सांगेल ते लिहिणारा लेखनिक. आता फोंड्यातल्या ओळखीच्या आया फोन करून विचारतात की घेऊ का, उपयोग होतो का, तर एकदाच लिहून टाकते, ज्याला हवं त्याने वाचा.

आधी सर्टिफिकेटचं, कारण ते नसेल तर पुढचं काहीच नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, त्यात येते, त्यामुळे कोणी 'आळशीपणाला कसली सवलत' म्हणालं तर सरळ कायदा दाखवा. आम्ही पहिल्यांदा एका खासगी सेंटरमध्ये गेलो, नाव घेत नाही, फी सणसणीत, फाइल एकदम चकाचक, आणि तिथल्या मॅडम छातीठोकपणे म्हणाल्या बोर्डाला हाच रिपोर्ट चालतो. शाळेत दिला तर सर म्हणाले सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणा. झालं, फी गेली. सेंटरला पाचपैकी एक स्टार, तो पण तिथे शिकवायला असलेली मुलगी खरंच चांगली होती म्हणून. मग बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटलात गेलो. जाताना शाळेचं पत्र आणि जुन्या वह्या न्या, वह्या तर नक्कीच न्या, पाच मिनिटांत जे कळतं ते आपल्याला अर्धा तास बोलून सांगता येत नाही. आणि हे सगळं नववीतच करा, दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव नको.

आपल्याकडे हे उशिरा कळतं त्याचं एक कारण मला वाटतं मिडियम. चौथीपर्यंत मराठीतून, पाचवीला एकदम इंग्लिश, मग मागे पडलं की सगळे म्हणतात अहो मिडियम बदललंय, होईल सवय. दोन वर्षं त्यातच जातात! पण आमच्याकडे मराठीतही तेच होतं, रफार कुठे टाकायचा कळत नाही, कर्म आणि क्रम त्याला सारखेच दिसतात. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी टेस्ट कुठल्या भाषेत घेणार हे जरूर विचारा. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने बनवलेली डाली नावाची टेस्ट मराठीतून पण आहे, प्राथमिकच्या मुलांसाठी.

आता जादा वेळ. पैकीच्या पैकी. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइन्समध्ये तासाला कमीत कमी २० मिनिटं दिली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, बोर्डाच्या कुठल्या पेपरला नेमकं किती ते त्या वर्षीचं सर्क्युलर शाळेकडून मागून बघा. नातेवाईकांना वाटतं जादा वेळ म्हणजे जादा लिहायला मिळतं, मजा आहे बुवा तुमची. अहो, आमचा तो वेळ वाचण्यातच जातो. प्रश्न दोनदा, कधी तीनदा वाचावा लागतो, आणि घड्याळ मानगुटीवर नसलं की स्वतःच थांबून परत बघतो, काय विचारलंय, काय लिहिलंय. आधी शाळेच्या परीक्षेत सायन्सचं शेवटचं पान कोरं यायचं, घरी विचारलं की तोंडी सगळं बरोबर.

लेखनिकाला मात्र अर्धेच मार्क. आमचा लेखनिक वाईट होता असं अजिबात नाही, खालच्या वर्गातला गुणी पोर, अक्षर मोत्यासारखं. पण तोंडी सांगून पेपर लिहून घेणं हे वेगळंच काम आहे, आणि ते कोणी शिकवत नाही. पोरं गप्पा मारल्यासारखी सांगतात, भरभर, मध्येच 'ते आधीचं खोड', लेखनिक बिचारा गोंधळतो. नवा पॅरा कुठे, केमिस्ट्रीच्या फॉर्म्युल्यात दोनाचा आकडा खाली, हे सगळं बोलून सांगावं लागतं. आम्ही गणेश चतुर्थीच्या सुट्टीपासून भाचीला समोर बसवून जुने पेपर सोडवून घेतले, तेव्हा कुठे जमायला लागलं. गणितात तर नाहीच जमलं. हातात पेन धरून स्टेप मांडल्याशिवाय त्याला पुढची सुचत नाही, त्यामुळे गणित त्याने जादा वेळ घेऊन स्वतःच लिहिलं आणि भाषा न समाजशास्त्राला लेखनिक. विषयागणिक असं चालतं का ते शाळेला आधी विचारा, आम्हाला चाललं. ज्यांचं हस्ताक्षर वाचण्यासारखं आहे, फक्त हळू आहे, त्यांनी माझ्या मते लेखनिकाच्या भानगडीत पडू नये.

वेगळी खोली पण विचारून ठेवा. एकाच खोलीत दोन मुलं आपापल्या लेखनिकाला उत्तरं सांगायला लागली की कोणाचं इतिहास आणि कोणाचं भूगोल कळत नाही.

पुढच्या परीक्षांचं पण सांगते. 'दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही' म्हणून कोणी परत पाठवलं तर लगेच गप्प बसू नका. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या केसमध्ये सांगितलंय की लिहिताना खरंच अडचण असेल तर चाळीस टक्के नसले तरी लेखनिक मिळायला हवा, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स पण काढल्या. प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा, तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

सर्टिफिकेट एकदा मिळालं की कायमचं सुटलो असंही समजू नका. २०१८ च्या नियमांत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी सांगितली होती, अठराचं मिळालं की मग ते आयुष्यभर. आमचा आत्ता सोळाचा आहे, म्हणजे बारावीच्या आसपास परत बांबोळी आहेच.