दल की नगीन? आई सोबत असेल तर जरा थांबा

उन्हाळा जवळ आला की आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात एक प्रश्न हमखास फिरतो : श्रीनगरला हाऊसबोट दल तलावावर घ्यावी की नगीन तलावावर? मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींनी विचारलं. जिन्यात उभ्या उभ्या अर्धा तास बोललो, तरी निम्मं राहिलंच. म्हणून लिहून काढतोय.

आम्ही दोन्हीकडे राहिलोय. आधी दलवर, तीन वर्षांनी नगीनवर. माणसं दोन्ही वेळा तीच : आम्ही दोघं, मुलगा आणि गुडघेदुखीवाली आई. कोरीव देवदार, गालिचे, सकाळचा कहवा हे सगळं इथे तेच आणि तिथेही तेच, त्यात वेळ घालवत नाही. एकच रात्र काढून गुलमर्गला निघायचं असेल तर सरळ दल घ्या, पुढचं वाचूही नका. खरा प्रश्न येतो तो बोटीवर मुक्काम ठेवून अख्खा दिवस शहर बघायचं ठरवलं की.

नकाशा पाहिला तर दलच बरं वाटतं. समोर बुलेव्हार्ड रस्ता, डोक्यावर शंकराचार्यांची टेकडी, आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की चश्मेशाही, परीमहल, निशात. संध्याकाळी दिवे लागले की पाण्यात जे दिसतं त्याला तोड नाही, हे मी नगीनवाला असूनही मान्य करतो.

पण आमची बोट पाण्याच्या मधोमध होती. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायचे, भुट्टा भाजणारा दिसायचा, आणि तिथे पोचायचं तर शिकारा, म्हणजे छोटी होडी. ये-जा फुकट असं ठरलं होतं आणि पैसे त्यांनी खरंच मागितले नाहीत. फक्त फुकटचा शिकारा आपल्या वेळेवर येत नाही. सकाळी नऊला आम्ही तयार, टॅक्सीवाला घाटावर उभा, आणि शिकारा शेजारच्या बोटीच्या पाहुण्यांना घेऊन गेलेला. तो आला, आम्ही बसलो, अर्ध्यात पोचलो आणि बायकोला आठवलं, आईच्या बीपीच्या गोळ्या उशाशीच राहिल्या. परत फिरलो. टॅक्सीत बसेपर्यंत सव्वादहा.

शंकराचार्यांच्या देवळाला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मोबाईल वर नेऊ देत नाहीत. आई खाली आमचे मोबाईल मांडीवर घेऊन बसली. पुढे चश्मेशाही, परीमहल, निशात झालं. शालिमार उशीर झाला म्हणून सुटलं.

खरी गंमत रात्री. आठ वाजलेले, पाऊस भुरभुरत होता, टॅक्सी आम्हाला सोडून गेलेली. आमचे मोबाईल प्रीपेड, ते जम्मूपासूनच मुके. (पोस्टपेड चालतात, हे निघताना कोणीतरी सांगायला हवं होतं.) मग घाटाच्या पायरीवर उभं राहून बोटीचं नाव घेऊन हाका मारल्या. मुलाला मजा वाटली, मला नाही. पंधरा-वीस मिनिटं हाका मारल्यावर भलत्याच शिकारावाल्याने नेलं, आणि पैसे त्याने रात्रीचे घेतले.

त्याहून वाईट ते चढणं-उतरणं. शिकाऱ्यात पाय टाकला की तो काठापासून सरकतो. आईचा एक हात माझ्या हातात, दुसरा नाववाल्याच्या, आणि एक पाय हवेत. एका फेरीत हे चारदा : बोटीवरून शिकाऱ्यात, शिकाऱ्यातून घाटावर, आणि येताना उलट. त्या रात्री बोटीवर पोचून ती एवढंच म्हणाली, "याच्यापेक्षा देवळाच्या पायऱ्या चढले असते रे." माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

नगीनची आमची बोट काठाला लागून होती. मागच्या बाजूला फळ्यांची रुंद पायवाट, मग छोटी बाग, एक चिनार, फाटक, गल्ली. टॅक्सी थेट फाटकाशी. मुलाची टोपी राहिली तर तो एकटाच पळत जाऊन घेऊन आला, एवढं साधं.

फिरण्याचा क्रमही तिथून उलटा लागतो, आणि मला तोच आवडला. आधी हजरतबल, अगदी जवळ. पांढरा संगमरवरी घुमट, मागे दलचं पाणी, आणि बाहेर परातीएवढे तळलेले पराठे हलव्याबरोबर विकतात. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारालाही खाणाऱ्या आमच्या इंदुरी पोटांना सकाळी नऊला ते जड गेलं नाही. मग फोरशोर रस्त्याने सरळ शालिमार. जहांगीरची १६१९ ची ही बाग या वेळी दुपारच्या आत निवांत बघून झाली. त्यानंतर निशात, नूरजहाँच्या भावाची, आसफखानाची. पायऱ्यापायऱ्यांनी डोंगराकडे चढत जाते, त्यामुळे आई खालच्याच टप्प्यावर कारंज्यापाशी बसली. बुलेव्हार्डकडून गर्दी आत यायला लागली तेव्हा आम्ही बाहेर पडत होतो.

जेवायला बोटीवर परत. आईला तिथेच झोपवलं आणि दुपारी आम्ही तिघं हरी पर्वतावर शारिका देवीला जाऊन आलो, मग नौहट्ट्याच्या जामा मशिदीत. देवदाराच्या अखंड खोडांचे साडेतीनशेच्या वर खांब आहेत तिथे. मुलगा मोजायला लागला आणि साठाच्या पुढे चुकला. दलवरच्या मुक्कामात आईला दुपारी परत आणून झोपवायचं आमच्या मनातसुद्धा आलं नसतं.

नगीनला खोट नाही असं नाही. शंकराचार्य आणि परीमहल तिथून लांब पडतात; आमचे ते आधीच्या वेळी झाले होते म्हणून चाललं. रात्री आठनंतर शुकशुकाट, कुठे कुत्रं भुंकलं तर तेवढंच. बाहेर चहा प्यायला जाऊ म्हटलं तर जाणार कुठे? मुलगा दुसऱ्या दिवशी कंटाळला. जेवण बोटीवरच, आणि आमच्या स्वयंपाक्याचा हात बेताचा होता. बरोबर नेलेल्या जीरावनच्या, म्हणजे इंदुरी मसाल्याच्या, पुडीने लाज राखली. पहाटेचा पाण्यावरचा भाजीबाजार दलच्या आतल्या भागात भरतो. नगीनहून कालव्यातून जाता येतं, पण त्यासाठी अंधारातच निघावं लागतं. आम्ही उठलोच नाही.

केशर, शाली, कागदाच्या लगद्याचे डबे विकणारे शिकारे दोन्हीकडे येतात. दलवर ते न्याहारी चालू असताना खिडकीतून डोकावतात. नगीनवर आले, पण एकदा नको म्हटलं की पुढे जायचे. कदाचित आमचंच नशीब बरं असेल.

सगळ्या नगीनच्या बोटींना जमिनीची वाट असतेच असं नाही, आणि दलगेटच्या बाजूला काही बोटी काठाला लागून आहेत, हेही खरं. तरुण जोडपं असेल, सामान हलकं असेल, तर दलवर मजाच आहे, मी अडवणार नाही. वहिनींच्या सासूबाई बरोबर जाणार आहेत, म्हणून त्यांना सांगितलं : बुकिंग करताना खोल्या, गिझर नंतर विचारा, आधी एवढंच विचारा, की बोटीतून उतरल्यावर पाय जमिनीवर पडतो का? परवा त्यांनी फोन लावला, मी शेजारीच होतो. पलीकडून उत्तर आलं, "मॅडमजी, शिकारा बिलकुल फ्री है." वहिनी माझ्याकडे बघून हसल्या आणि यादीतल्या दुसऱ्या नंबराला फोन लावला.