सिडनी दिवसाची, मेलबर्न रात्रीचं: शिकायला जाताना शहर निवडायचं असेल तर

माझ्या मावसबहिणीला यंदा सिडनी आणि मेलबर्न, दोन्हीकडून ऑफर लेटर आलं. कोर्स जवळपास सारखा, फीमध्येही फार फरक नाही. रात्री साडेअकराला तिचा फोन, "दादा, खरं सांग, राहायला मजा कुठे येईल?" मागून मावशीचा आवाज ऐकू येत होता, शिकायला चाललीयेस, मजा करायला नाही. पण प्रश्न अगदी रास्त आहे. परक्या शहरात दोन वर्षं काढायची, तर शनिवारी दुपारी कुठे जायचं आणि शुक्रवारी रात्री घरी कसं परतायचं, यावर ती वर्षं कशी जातील ते बरंचसं ठरतं. मी दोन वर्षं मेलबर्नला शिकलो, नंतर दीड वर्ष सिडनीत नोकरी केली. दोन्ही शहरांवर माझा जीव आहे, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

ऑपेरा हाऊसचा फोटो बघून शहर ठरवू नका. तुमचा रिकामा वेळ दिवसाच्या कोणत्या टोकाला पडणार, ते आधी बघा. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. ते काम बहुतेकांना हॉटेलात, कॅफेत नाहीतर सुपरमार्केटात मिळतं, आणि संध्याकाळी व रविवारी जास्त दर मिळतो, त्यामुळे त्या शिफ्ट सोडवत नाहीत. म्हणजे सगळं शहर शनिवारी बाहेर पडतं तेव्हा तुम्ही ऑर्डर घेत असता. तुम्ही मोकळे असता मंगळवारी सकाळी, किंवा रात्री दहानंतर. मंगळवारची सकाळ मोकळी असणाऱ्याला सिडनीसारखं शहर नाही. रात्री दहानंतर मोकळं होणाऱ्याने मेलबर्नला जावं.

सिडनीची सकाळ

सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून मॅन्ली या समुद्रकाठच्या उपनगराची फेरीबोट पकडा. प्रवासाच्या साध्या ओपल कार्डावर, बसचं तिकीट काढतो तितक्या सहज. मागच्या उघड्या डेकवर उभं राहायचं. एका बाजूला १९३२ चा हार्बर ब्रिज, दुसऱ्या बाजूला ऑपेरा हाऊस, आणि बोट वळली की दोन्ही हळूहळू एकमेकांवर सरकतात. वीसेक मिनिटांनी डावी-उजवीकडचे कडे संपतात, समोर उघडा समुद्र दिसतो आणि तोवर शांत चाललेली बोट एकदम हेलकावे खायला लागते. लोक कठडा धरतात, लहान मुलं खिदळतात. अर्ध्या तासाचा हा प्रवास मी किती वेळा केला असेल याचा हिशेब नाही. घरची आठवण आली की मी तिथेच जायचो.

ऑपेरा हाऊसची तिकीट काढून होणारी टूर पहिल्या महिन्यात केली नाही तरी चालेल. पायऱ्या फुकट आहेत. त्या चढून जा आणि छपराच्या अगदी जवळ उभे राहा. लांबून पांढरीशुभ्र दिसणारी ती शिडं जवळून पांढरी नाहीतच. दहा लाखांहून जास्त फरशा आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या, आणि ऊन फिरेल तसा त्यांचा पोत बदलतो. योर्न उट्झन या डॅनिश वास्तुकाराने हे रचलं, पण १९७३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा तो नव्हता. वादातून काम अर्धवट सोडून तो निघून गेला होता आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही. हे माहीत असलं की त्या पायऱ्यांवर जरा जास्त वेळ बसावंसं वाटतं.

पुलाच्या कमानीवर चढवणारी सफर महाग आहे. पुलावरच्या पादचारी मार्गाने चालत जायला एक पैसा लागत नाही आणि पाणी तेच दिसतं. बाँडायच्या किनाऱ्यापासून कूजीच्या किनाऱ्यापर्यंत कड्यांच्या काठाने सहा किलोमीटरची वाट आहे, तीही फुकट. ब्लू माउंटन्सला जायला सेंट्रल स्टेशनवरून कटूंबाची गाडी, सुमारे दोन तास. उतरून अर्धा तास चाललं की एको पॉइंट, समोर थ्री सिस्टर्सचे सुळके. माथेरान-महाबळेश्वरचे पॉइंट पाहिलेल्या माणसालाही ती निळसर दरी गप्प करते. शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी ओपलच्या दिवसभराच्या भाड्यावरची मर्यादा कमी असते, त्यामुळे लांबचे बेत त्या दिवसांवर टाका.

समुद्राबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. आपण जुहूला, गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून वाढलेली माणसं. इथल्या लाटांखाली माणसाला आत खेचून नेणारे प्रवाह असतात आणि पोहता येणारेही त्यात दमतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. झेंडे नसतील तर त्या दिवशी वाळूत बसा. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, तरंगत राहा आणि हात वर करा.

मेलबर्नला दिवसा काय आहे

दिवसा मेलबर्न सिडनीसमोर फिकं पडतं, हे मी तिथे शिकलेला माणूस म्हणून सांगतोय. यारा नदी मातकट आहे. ज्यांच्या फोटोंसाठी लोक येतात ते ट्वेल्व्ह अपॉस्टल्स, समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके, शहरात नाहीत, ग्रेट ओशन रोडने गेलात तर पावणेतीनशे किलोमीटरवर आहेत. एका दिवसात बसने उरकायचं म्हटलं तर सकाळी अंधारात निघून रात्री परत, आणि बघणं तासाभराचं. चौघांनी गाडी भाड्याने घेऊन एक मुक्काम करणं केव्हाही बरं. एकट्यासाठी मात्र छान सोय आहे. २०२३ पासून व्हिक्टोरिया या मेलबर्नच्या राज्यात लांबच्या गाड्यांनाही शहराइतकीच दिवसाची भाडेमर्यादा आहे. जिलाँगपर्यंत रेल्वे, तिथून सरकारी बस थेट समुद्राच्या कडेकडेने लॉर्न आणि अपोलो बेपर्यंत जाते. बॅलरॅट, बेंडिगो ही सोन्याच्या खाणींची जुनी गावंही त्याच भाड्यात होतात.

शहरात पावसाची भुरभुर लागली की आसरे मात्र भरपूर. स्टेट लायब्ररीच्या घुमटाखाली अभ्यासाला बसा. १९१३ ची ती अष्टकोनी खोली, मधोमध उंच चबुतरा, त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी निघणारी टेबलं. माझा अर्धा थीसिस तिथे झाला. शहराच्या मध्यभागात ट्रॅम फुकट आहे. नॅशनल गॅलरीही फुकट, पण ती पुलापलीकडे म्हणजे फुकट हद्दीच्या बाहेर आहे. फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरून पाच-सात मिनिटं चालत जा. नव्याने आलेली मुलं ट्रॅममध्ये बसूनच राहतात आणि मायकी हे प्रवासाचं कार्ड टॅप केलेलं नसलं की दंड भरतात.

पण दिवेलागण झाली की

साडेपाच-सहाला दुकानं बंद होतात आणि इथून मेलबर्न सुरू होतं. डीग्रेव्ह्स स्ट्रीट, सेंटर प्लेस, होजियर लेन या गल्ल्या आपल्या पुण्यातल्या बोळांएवढ्या. भिंती रंगवलेल्या, वर लोंबणारे दिवे, आणि एखाद्या नाव नसलेल्या दारामागे जिना, जिन्यावर तीस माणसांचा बार. हे आपोआप झालेलं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियाने परवान्याचे नियम सैल केले आणि लहान जागेत बार चालवणं परवडायला लागलं. सिडनीच्या राज्यात छोट्या बारचा परवाना २००८ मध्ये आला. वर २०१४ मध्ये तिथे मारामाऱ्या रोखायला मध्यभागात आणि किंग्ज क्रॉसमध्ये रात्री दीडनंतर नवीन गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही असा नियम लागला. तो मध्यभागातून २०२० मध्ये आणि किंग्ज क्रॉसमधून २०२१ मध्ये उठला. सिडनीची रात्र आता सावरलीय, न्यूटाउनची किंग स्ट्रीट आणि एनमोर रोड इथे खरी वर्दळ असते. पण रात्र शहरभर पसरलेली नाही, ती काही रस्त्यांपुरती आहे.

न पिणाऱ्यांनी बिचकू नये. मी दोन वर्षांत फार तर चारदा प्यायलो असेन, तरी रात्री हिंडलो भरपूर. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बुधवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये रात्रबाजार भरतो. १८७८ पासूनच्या त्या शेडखाली धूर, गाणं आणि जगभरचं खाणं. फिट्झरॉय, ब्रन्सविकच्या पबमध्ये मागच्या खोलीत बँड वाजत असतो. सिडनीत याच्या तोडीचं एकच काही आहे, आणि तेही वर्षातून एकदा: मे-जूनमधला व्हिव्हिड महोत्सव, ऑपेरा हाऊसच्या शिडांवर प्रकाशाची चित्रं, बघायला फुकट.

पबमधली एक रीत आधीच माहीत असू द्या. "माय शाउट" म्हणत एकजण सगळ्यांची पेयं आणतो, मग पुढचा, मग पुढचा. पाचजणांत बसलात तर तुमच्यावरही पाच ग्लासांचं बिल येतं. नुसता लिंबू-सोडा घेणार असाल तर पहिल्याच फेरीला सांगा, "मी माझं घेतो." कुणी वाईट मानत नाही. काउंटरवर साधं पाणी फुकट मिळतं, निःसंकोच मागा.

ओळखपत्राचाही घोळ होतो. एका क्लबच्या दारात मी फोनवरचा पासपोर्टचा फोटो दाखवला, दरवानाने मान हलवली आणि मित्र आत, मी बाहेर थंडीत. पासपोर्ट खिशात घेऊन फिरू नका, हरवला तर फार त्रास. पोस्टातून मिळणारं कीपास कार्ड पहिल्याच महिन्यात काढा.

घरी परतताना

मावशीला खरी काळजी याची होती, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हावा. मेलबर्नमध्ये शुक्रवारी-शनिवारी लोकल रात्रभर चालतात, मध्यरात्रीनंतर साधारण तासाला एक, काही ट्रॅमही. उपनगरी स्टेशनांवर संध्याकाळी सहापासून शेवटच्या गाडीपर्यंत सुरक्षा अधिकारी असतात. माझी शिफ्ट साडेअकराला संपायची, तरी दोस्तांत दोन तास बसून शांतपणे घरी जाता यायचं. सिडनीत मध्यरात्रीनंतर उपनगरी गाड्या थांबतात आणि नाइटराइड बस पकडाव्या लागतात. त्या चालतात, पण परामॅटा या पश्चिमेकडच्या उपनगरापलीकडे राहात असाल तर झोपायला पहाट होते. आपली बरीच मुलं तिकडेच राहतात, कारण भाडं कमी आणि हॅरिस पार्क या भागात डोसा, चाट, किराणा सगळं पायाशी. सिडनीत रात्रीच्या गाडीत गार्डच्या डब्यापाशी निळा दिवा असतो, मुलींनी तिथे बसावं.

ब्रिस्बेनचाही विचार करा

पैशाची ओढ असेल तर या दोघांना बाजूला ठेवून ब्रिस्बेन बघा. ऑगस्ट २०२४ पासून तिथे बस, रेल्वे, फेरी, ट्रॅम, जवळजवळ कुठेही जा, ५० सेंट. गोल्ड कोस्टपर्यंतसुद्धा. साउथ बँकेवर नदीकाठी तयार केलेला वाळूचा किनारा फुकट, शेजारची मॉडर्न आर्टची गॅलरीही फुकट. रात्र मात्र फोर्टिट्यूड व्हॅलीपुरती, आणि तिथे दहानंतर दारात ओळखपत्र स्कॅन होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अ‍ॅडलेडचा फ्रिंज महोत्सव त्या शांत शहराला महिनाभर जागवतो. पर्थला रॉटनेस्ट बेटावरचे क्वोका हे कांगारूसारखे छोटे प्राणी आहेत, पण बाकीचा देश विमानाच्या चार-पाच तासांवर.

हवेचं म्हणाल, तर जुलैत येणाऱ्याला मेलबर्नची थंडी बोचते. दुपारी कमाल १४ अंशांच्या आसपास, आणि वारा. सिडनीत दोन-तीन अंश जास्त. पाऊस मात्र सिडनीतच जवळजवळ दुप्पट पडतो, मेलबर्नचा नुसता रेंगाळतो. मराठी मंडळं दोन्हीकडे आहेत, गणपतीही दोन्हीकडे बसतो.

माझ्या बहिणीचे वर्ग संध्याकाळचे निघाले. सकाळी नऊ ते तीन ती मोकळी, रात्री तिला झोप प्रिय आणि लाटा बघायला आवडतात. तिला मी सिडनी सांगितलं. मेलबर्नची बाजू घेऊन भांडायची माझी तयारी होती, पण तिच्या वेळापत्रकापुढे ती टिकेना.

दुसरं शहर तिने डिसेंबरात बघावं, असं ठरलंय. २६ तारखेला मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते. २०२० मध्ये तिथेच, अ‍ॅडलेडला ३६ धावांत डाव आटोपल्यानंतर, अजिंक्य रहाणेने ११२ केले आणि आपण सामना जिंकलो. ३१ च्या रात्री सिडनी हार्बरवर आतषबाजी, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिडनीच्या एससीजी मैदानावर पुढची कसोटी, जिथे २००४ मध्ये सचिन नाबाद २४१ होता. सुट्टीत कामाच्या तासांची मर्यादा नसते, मॅनेजर नेमकं तेव्हाच सगळ्यांना बोलावतो. म्हणून तिला सांगितलंय, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दहा दिवसांची रजा लेखी मागून ठेव.