सोलापुरात त्याच दिवशी फुलं घरपोच, तीपण ताजी

मोठ्या वेबसाईटवर सोलापूरचा पिनकोड टाकला की सेम डे डिलिव्हरी मिळते असं दिसतं खरं, पण बऱ्याचदा ती ऑर्डर इथल्याच कुठल्यातरी दुकानाकडे जाते, मधे कमिशन कापलं जातं आणि उरलेल्या पैशात बसेल तेवढाच गुच्छ बांधून येतो. म्हणून मी आता थेट इथल्या ह्या फुलांच्या दुकानवाल्या दादांनाच व्हॉट्सअॅप करते. ह्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॅटलॉगमधले गुळगुळीत फोटो पाठवत नाहीत, आज बादलीत जी फुलं उभी आहेत त्यांचाच फोटो काढून टाकतात आणि त्यातनं निवडा म्हणतात.

एप्रिलमधे आईचा वाढदिवस होता, पारा ४२ च्या पुढे, आणि मला जरबेराच पाहिजे होते. दादांनी सरळ सांगितलं, "ताई, जरबेरा आहेत पण कालच्या गाडीचे आहेत, ह्या उन्हात अशोक चौकापर्यंत जाईस्तोवर माना टाकतील. निशिगंध आज पहाटेचा आहे, तो घ्या, सोबत मोगऱ्याचे दोन गजरे देतो." जरबेऱ्याचा गुच्छ महाग, तो विकला असता तर त्यांचाच फायदा होता, तरी नको म्हणाले. सकाळी अकराच्या सुमाराला पैसे पाठवले आणि तीनच्या आत आईचा फोन आला, दोन्ही गजरे तिने लगेच माळले होते आणि निशिगंधाचा वास रात्रभर घरभर होता असं दुसऱ्या दिवशी म्हणाली.

ते जरबेऱ्याचं म्हणणं बरोबरच आहे. त्याचा देठ मऊ आणि आतनं पोकळ, पाणी कमी पडलं की फुलाच्या खालीच वाकतो. हे आणि डच गुलाब मावळातल्या पॉलीहाऊसमधनं पुण्याच्या मार्केटला येतात आणि तिथनं अडीचशे किलोमीटर आपल्याकडे, त्यामुळे ते नेमके कधीच्या गाडीने आलेत हे विचारूनच घ्यावेत. एकदा दुकानात उभी होते तेव्हा बघितलं, पोरगा एकेका जरबेऱ्याचा देठ तिरका कापून स्ट्रॉमधे घालत होता, खाली ओला कापूस गुंडाळून वर प्लास्टिकची छोटी पिशवी रबराने बांधत होता. गाडीवर गुच्छ हातात धरून नेत नाहीत, पुढे क्रेट आहे आणि त्यात ओलं गोणपाट. एवढं केल्यावर फुलं टिकणारच ना.

दुःखाच्या प्रसंगी पण ह्यांनी नीट सांभाळून घेतलं. ऑफिसमधल्या एकांचे वडील गेले तेव्हा विजापूर रोडला पुष्पचक्र पाठवायचं होतं. त्यांनी फक्त नाव आणि वेळ विचारली, पांढरी शेवंती आणि निशिगंध लावला, चमकी नाही, रंगीत रिबन नाही, आणि डिलिव्हरीवाल्या मुलाने त्या घरी कुणाला फोन न करता मलाच फोन करून पत्ता विचारला. अशा वेळी त्या घरात अनोळखी माणसाचा फोन जाऊ नये एवढी समज त्यांना आहे, आणि मला ह्याचं फार मोल वाटतं.

आता तक्रारी. सेलोफेन फार गुंडाळतात, कागदात बांधा म्हणून आठवणीने सांगावं लागतं. लग्नसराईत संध्याकाळी फोन उचलत नाहीत, मंडपाची कामं चालू असतात त्यांची, त्यामुळे दुपारी दोनच्या आतच ऑर्डर टाका. व्हॅलेंटाईनच्या आठवड्यात गुलाबाचा भाव डबल होतो, दसऱ्याला झेंडूचं पण तेच, पण ते तर मार्केटमधेच चढतं, ह्यांना बोलून उपयोग नाही. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसात नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर गाडी जात नाही, ते आधीच सांगतात, वेळेचं खोटं आश्वासन देत नाहीत.

कार्ड मराठीत लिहून मिळतं, हाताने, अक्षर छान आहे. मजकूर मात्र व्हॉट्सअॅपवर टाईप करूनच पाठवा, फोनवर सांगितलं तर नावात गडबड होऊ शकते. डिलिव्हरीचे पैसे गावात कमी आणि जुळे सोलापूर, होटगी रोडकडे थोडे जास्त घेतात, मला वाजवी वाटले.

डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने पण करतात, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट सगळं. पण ते हाताने ओवायचं काम आहे, त्यामुळे सेम डे होत नाही, आदल्या दिवशी सकाळीच सांगून ठेवावं लागतं आणि मोगरा की शेवंती ते तेव्हाच ठरवावं लागतं. माझ्या भाचीचं पुढच्या महिन्यात आहे, मी मोगरा सांगून ठेवलाय.