मल्टीग्रेन ब्रेड: मार्चपासून खाऊन राहिलो, पाकिटामागचं गणित सांगतो

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नागपुरात प्रताप नगरपासून मनीष नगरपर्यंत जेवढ्या दुकानांत पाकिटं उलटून पाहिली तेवढ्यांत थोड्याफार फरकानं तेच दिसलं. आमच्याकडे येतं ते ४०० ग्रॅमचं, १६ स्लाइसचं, समोर गव्हाच्या लोंब्या, नाचणी, जवस, सूर्यफुलाच्या बिया असं अख्खं शेत छापलेलं आणि किंमत साध्या पांढऱ्या ब्रेडपेक्षा वीसेक रुपये जास्त. सकाळची मिहानची (इथल्या कंपन्यांच्या भागातली) शिफ्ट असली की पोळ्या लाटायला कोणाला वेळ नसतो, म्हणून सुरू केलं. घरी आई आहे, तिला शुगर, त्यामुळे पांढरा नको मल्टीग्रेन आण हा तिचाच आग्रह होता.

चवीचं आधी उरकतो. चांगली आहे. भाजल्यावर तीळ-जवसाचा मस्त वास येतो, पांढऱ्यासारखा टाळूला चिकटत नाही, चटणी सँडविचला एकदम जमतो. अंडाभुर्जीसोबत तर हाच पाहिजे.

आता मुद्द्याचं. मागं जी घटकांची यादी असते ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. आमच्या पाकिटावर पहिलं नाव मैदा. दुसरं आटा, मग पाणी-यीस्ट-साखर-तेल सोडलं की कुठंतरी मधात ‘मल्टीग्रेन मिक्स ६ टक्के’. ज्या धान्याचा समोर गाजावाजा करता त्याचं प्रमाण टक्क्यात सांगा असा एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे, म्हणून हा आकडा तरी दिसतो, पण तो इतक्या बारीक अक्षरात आहे की मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. ४०० ग्रॅमचे ६ टक्के म्हणजे पूर्ण पाकिटात २४ ग्रॅम. एका स्लाइसच्या वाट्याला दीड ग्रॅम, आणि त्या दीड ग्रॅममध्ये ओट्स, नाचणी, ज्वारी, सोया, जवस, तीळ, सूर्यफूल अशी सात जण दाटीवाटीनं बसलेली. आई तर म्हणाली बाप्पा, एवढे तीळ तर मी संक्रांतीला हातावरच सांडवते.

फायबर बघा. पाकिटावर १०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम. वाचायला बरं वाटते, पण आपण १०० ग्रॅम ब्रेड खातो कुठं, दोन स्लाइस म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम फायबर. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते. हैदराबादच्या एनआयएननं (राष्ट्रीय पोषण संस्थेनं) २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढले त्यात ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम फायबर आहे, आट्यात ११ च्या वर आणि मैद्यात पावणेतीनच्या आसपास. आता ब्रेडमध्ये तिसरा हिस्सा पाणीच असते त्यामुळे पिठाचे १०० ग्रॅम आणि ब्रेडचे १०० ग्रॅम समोरासमोर ठेवणं बरोबर नाही, म्हणून मी कॅलरीवर लावून पाहिलं. दोन स्लाइसच्या सव्वाशे कॅलरी, त्यात सव्वादोन ग्रॅम फायबर. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीच्या १६५-१७० कॅलरी, त्यात पाच ग्रॅम. कसंही मोजा, भाकरीच पुढं जाते. अर्थात पोळीचं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा फेकून द्याल तर आट्याचे ११ ग्रॅम विसरा, आमच्याकडे त्यावरून एक छोटं भांडण होऊन गेलं आहे.

प्रोटीन साडेआठ ग्रॅम लिहिलं आहे, दोन स्लाइसला सव्वाचार. वाईट नाही, पण बराचसा हिस्सा ग्लूटेनचाच, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रोटीनचा, यादीत वेगळं व्हीट ग्लूटेनही टाकलेलं आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळते, तेही चांगल्या प्रतीचं.

साखरेचा लोक फार बाऊ करतात. वाढीव साखर १०० ग्रॅमला चार ग्रॅम, दोन स्लाइसला अर्धा चमचाही नाही, चहातून याच्या दुप्पट जाते. मला खटकलं ते मीठ. सोडियम १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम. सकाळी दोन आणि रात्री कंटाळा म्हणून दोन स्लाइस खाल्ले की ४५० झाले, दिवसाची मर्यादा २०००, म्हणजे जवळपास पाव कोटा ब्रेडमध्येच गेला आणि अजून त्यावर अमूल बटर, सॉस, चीज काहीच मोजलं नाही. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघते, ४५० म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जरा खाली. ब्रेड खारट लागत नाही म्हणून हे लक्षातच येत नाही. बीपीवाल्यांनी ही ओळ पहिले वाचावी, बाकी नंतर.

आणि तो तपकिरी रंग. वरून टाकलेल्या रंग-रसायनांना यादीत नंबर असतात, त्यात १५० दिसला तर तो कॅरॅमल रंग आहे, धान्याचा नाही. नुकसान होते असं नाही म्हणत, पण रंग पाहून ‘हेल्दी दिसून राहिला’ म्हणू नका. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लवकर येऊ नये म्हणून, ते चालते. २०१६ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटचा (पिठात टाकायचं, कॅन्सरचा संशय असलेलं रसायन) विषय काढला होता आणि त्याच वर्षी त्याच्यावर बंदी आली, तेव्हा व्हॉट्सअपवर अजून फिरणारे ते जुने मेसेज पाहून घाबरू नका.

आईच्या शुगरचं सांगतो, हा फक्त आमच्या घरचा अनुभव आहे, डॉक्टरांचं ते डॉक्टरांना विचारा. नाश्त्यानंतर दोन तासांनी मशीनवर पाहिलं तर पांढरा आणि मल्टीग्रेन यात सांगण्यासारखा फरक काही दिसला नाही. दिसणार तरी काहून, पाया मैद्याचाच आहे आणि जी धान्यं आहेत तीही बारीक दळलेली. फरक पडला तो सोबत काय खाल्लं त्यानं, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं असलं की आकडा खाली, जॅम असला की वर. आता तिनं सकाळी भाकरीच धरली आहे, ब्रेड खाते कधीमधी.

टिकण्याबद्दल. मे महिन्यात पारा ४५ ला जाऊन राहिला होता तेव्हा ओट्यावरचं पाकीट तारखेच्या आधीच आंबूस वास मारायला लागलं. जुलैत पावसाची झड लागली की कडेला हिरवे ठिपके. तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका, बुरशीचे धागे आत कुठपर्यंत गेले ते दिसत नाही, पूर्ण पाकीट फेका. आणि सगळे करतात तसं फ्रीजमध्ये ठेवलं की बुरशी थांबते पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होते, पिठातला स्टार्च थंडीत घट्ट बसते म्हणून. आम्ही आता दोन-दोन स्लाइस वेगळे करून फ्रीजरमध्ये टाकतो आणि तिथूनच सरळ तव्यावर, एकदम ताजे लागतात.

घ्यायचा असेल तर दुकानात उभं राहूनच मागची बाजू पाहा, पहिलं नाव आटा आहे का, आणि कार्बच्या (कर्बोदकांच्या) आकड्याला फायबरच्या आकड्यानं भागून दहाच्या खाली येते का. आमच्यावाल्याचं ४८ भागिले साडेचार, दहाच्या वर जाते. ‘शंभर टक्के आटा’ लिहिलेली पाकिटं यात बहुतेक वेळा पुढं असतात, त्यावर नाचणीचा फोटो नसला तरी. मी सध्या तेच आणून राहिलो, चव थोडी रुक्ष आहे, पोरगा नाक मुरडते, त्याच्यासाठी मधून मधून हा मल्टीग्रेन येतो. रविवारी तसाही ब्रेडचा प्रश्न नसते, तर्री-पोहे असतात.